शस्त्रं आहेत, वेळ नाही

पांढरी वाइन बाटलीत भरल्यावर काही महिन्यांनी, किंवा वाहतुकीत तिला ऊन लागल्यावर, कधी कधी गढूळ होते. चव बिघडलेली नसते, प्यायला अपायही नसतो. पण बाटलीत तरंगणारा पांढुरका साका पाहून गिऱ्हाईक ती घेत नाही. म्हणून जगभरातल्या वायनऱ्यांमध्ये बाटल्या भरण्याआधी वाइनमध्ये बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळण्याची पद्धत आहे. या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, आणि गढूळपणा आणणारी प्रथिनं वाइनच्या आंबटपणात धन भार घेऊन फिरत असतात. ती मातीला चिकटतात आणि तिच्याबरोबर तळाशी जातात.

ही प्रथिनं बाहेरून कुणी मिसळलेली नसतात. ती द्राक्षाचीच. बुरशीशी लढण्यासाठी मण्याच्या पेशी ती तयार करतात. त्यांची मुख्य घराणी दोन: कायटिनेज आणि थॉमॅटिनसदृश प्रथिनं. द्राक्ष चिरडलं जातं, रस आठवडाभर आंबतो, साखरेचं अल्कोहोल होतं, आणि या सगळ्या धुमश्चक्रीत इतर बहुतेक प्रथिनं तुटून जातात. ही दोन घराणी मात्र शाबूत राहतात. थॉमॅटिनसदृश प्रथिनाच्या साखळीत गंधकाचे दुवे असतात, साधारणपणे आठ. या दुव्यांनी साखळीची घडी इतकी घट्ट बांधलेली असते की आम्ल आणि प्रथिनं तोडणारी विकरं तिला सहजासहजी उलगडू शकत नाहीत. रोग पसरवणारी बुरशी स्वतःच आम्लं आणि विकरं सोडत झाडात शिरते. तिच्याशी गाठ पडणारं प्रथिन असंच चिवट असावं लागतं.

थॉमॅटिन हे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या कातेम्फे नावाच्या वनस्पतीवरून आलं. तिच्या फळातलं थॉमॅटिन साखरेच्या हजारो पट गोड असतं. पुढे १९८६ मध्ये तंबाखूच्या रोगट पानातल्या एका प्रथिनाची रचना वाचली गेली तेव्हा ते या गोड प्रथिनाचं जवळचं भावंड निघालं. द्राक्षातली भावंडं गोड नाहीत. त्यांचं काम बुरशीच्या पेशीचं आवरण बिघडवून आतला ऐवज बाहेर गळू देणं.

द्राक्षाच्या मण्यात ही प्रथिनं केव्हा साठतात हे पाहण्यासारखं आहे. मणी हिरवा आणि कडक असतो तोवर त्यांचं प्रमाण कमी असतं. मण्यात पाणी उतरायला लागलं, साखर चढू लागली, साल मऊ पडली की त्याच सुमारास ती झपाट्यानं वाढतात, आणि पिकलेल्या मण्याच्या रसात विरघळलेल्या प्रथिनांचा मोठा हिस्सा त्यांचाच असतो. रोग आलेला असो वा नसो, ती तिथे असतात. साखरेनं भरलेला मणी बुरशीला किती हवाहवासा आहे याचा वेलीच्या वंशाला लाखो वर्षांचा अनुभव आहे. आपण द्राक्षाचा घोस खातो तेव्हा हे शस्त्रागारही खात असतो.

बहुतेकांना त्यानं काही होत नाही. काहींना मात्र होतं, आणि त्याचं कारण पुन्हा ही चिवटताच. पीच, सफरचंद अशा फळांच्या सालीजवळ मेदवाहक प्रथिनं असतात. तीही संरक्षणाच्याच फौजेतली, आणि जठरातल्या आम्लाला आणि शिजवण्यालाही दाद न देणारी. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांत पीचची तीव्र ॲलर्जी आढळते ती मुख्यतः यांच्यामुळे. रबराच्या झाडाच्या चिकात हेविन नावाचं छोटं प्रथिन असतं, जे बुरशीच्या पेशीभित्तिकेतल्या कायटिनला चिकटतं. केळी, अवोकाडो आणि चेस्टनट यांच्या एका प्रकारच्या कायटिनेजला पुढच्या टोकाला हेविनसारखाच तुकडा जोडलेला असतो. म्हणून रबरी हातमोजे सतत घालणाऱ्या परिचारिकेला आधी मोज्यांची ॲलर्जी होते आणि नंतर केळं खाल्ल्यावरही ओठ सुजतात, असं घडू शकतं. उत्तर युरोपात बर्च झाडाच्या परागकणांचा त्रास असणाऱ्यांना कच्चं सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं. तिथे दोषी असलेलं प्रथिन संरक्षक प्रथिनांच्या दहाव्या कुळातलं. ते इतकं चिवट नाही, त्यामुळे तेच सफरचंद शिजवून खाल्लं तर बहुतेकांना काही होत नाही.

संरक्षक प्रथिनांची अशी कुळं साधारणपणे सतरा धरली जातात. त्यांचा शोध फळात नव्हे, तंबाखूत लागला. १९६१ मध्ये अमेरिकेत फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या काही पानांवर मोझॅक विषाणू चोळला. ती ज्या जातीची होती तिच्यात विषाणू पसरत नाही, जिथे लागतो तिथेच छोटे मेलेले ठिपके पडतात. काही दिवसांनी त्यांनी त्याच झाडाच्या निरोगी पानांवर विषाणू चोळला, तर ठिपके कमी आणि लहान पडले. एका पानाला झालेल्या रोगाची खबर दुसऱ्या पानापर्यंत पोचली होती आणि ते सावध झालं होतं. पुढे १९७० मध्ये नेदरलँड्समध्ये वान लून आणि वान कामेन यांनी, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये जियानिनाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विषाणू लागलेल्या तंबाखूच्या पानातली प्रथिनं विजेच्या साहाय्यानं वेगळी केली. निरोगी पानात नसलेले नवे पट्टे त्यांना दिसले. ती संरक्षक प्रथिनांची पहिली ओळख. ती नेमकं काय करतात हे कळायला मात्र अनेक वर्षं गेली. पहिल्या कुळाचं प्रथिन तर रोगट पानात सगळ्यात जास्त सापडायचं आणि त्याचंच काम कुणाला सांगता येत नव्हतं. २०१७ मध्ये दिसून आलं की ते स्टेरॉल धरून ठेवतं. बटाट्यावर करपा आणणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या जिवांना स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते झाडाकडूनच घ्यावं लागतं. हे प्रथिन त्यांचा घास अडवतं.

आता द्राक्षबागेत येऊ, कारण इथे शस्त्र आणि शत्रू यांची जोडी जुळते का हा प्रश्न रोकडा होतो. आपल्याकडे बागायतदाराची झोप उडवणारे दोन रोग आहेत, भुरी आणि केवडा. केवड्याला नाशिक-सांगलीकडे सर्रास डावणी म्हणतात. दोन्हींना आपण बुरशी म्हणतो, पण त्यांची कुळं एकमेकांपासून फार दूर आहेत. भुरी ही खरी बुरशी. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, तेच जे कोळंबीच्या कवचात असतं. कायटिनेज हे विकर त्या कायटिनची साखळी तोडतं. केवड्याचा जीव जलबुरशींच्या गटातला, नात्यानं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना जवळचा. त्याच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज असतं, कायटिन जवळजवळ नसतंच. त्याच्यावर कायटिनेज चालवून फारसं काही साधत नाही. तिथे ग्लुकन तोडणारं ग्लुकनेज कामाला येतं, थॉमॅटिनसदृश प्रथिनं येतात, आणि द्राक्षवेल स्वतः बनवते ती रेझव्हेराट्रॉलच्या घराण्यातली विषारी द्रव्यंही येतात.

या विकरांचं दुसरं काम मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं. ती बुरशीची भित्तिका तोडतात तेव्हा जे तुकडे सुटतात, ते तुकडेच वेलीच्या पेशींना शत्रू आल्याची वर्दी देतात. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर ग्राही प्रथिनं बसलेली असतात. कायटिनचा किंवा ग्लुकनचा तुकडा तिथे अडकला की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते आणि आणखी विकरं तयार होऊ लागतात. झाडाला आपल्यासारख्या रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशीला आपला बचाव आपणच करावा लागतो आणि शेजारणीला कळवावंही लागतं.

मग इतकं सगळं असताना आपली थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका केवड्याला बळी का पडतात? ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट आली, पावसानं पानं ओली राहिली, की पानावरच्या पाण्याच्या पापुद्र्यात या रोगाचे चलबीजाणू शेपटीनं पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात आणि आत शिरतात. काही दिवसांनी पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग आणि खाली पांढरी लव दिसते. फुलोऱ्यात घडाला लागला तर घडच जातो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसानं नाशिक जिल्ह्यात जे नुकसान केलं, त्यात केवड्याचा वाटा मोठा होता.

उत्तर असं आहे की या वेलींकडेही ग्लुकनेज, कायटिनेज, थॉमॅटिनसदृश प्रथिनं या सगळ्यांची जनुकं असतात. रोग लागल्यावर ती जागीही होतात. पण उशिरा आणि मंद. जलबुरशी पेशीच्या आत आपला शोषक अवयव रोवते आणि स्वतःची प्रथिनं सोडून वेलीची वर्दीची यंत्रणाच दाबून टाकते. शस्त्रं बाहेर निघेपर्यंत पान तिच्या ताब्यात गेलेलं असतं. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार. प्रतिकारक वेलीत मात्र पेशीच्या आत दुसऱ्या प्रकारचे पहारेकरी असतात. ते जलबुरशीनं सोडलेली प्रथिनं ओळखतात आणि रोग लागलेली पेशी लगेच मरते. ही जलबुरशी जिवंत पेशीवरच जगू शकते. ती पेशी मेली की तिचीही उपासमार होते, आणि तेवढ्या अवधीत आसपासच्या पेशींत संरक्षक प्रथिनांचा साठा वाढलेला असतो. रोगाला बळी पडणारी आणि न पडणारी वेल यांच्यातला फरक शस्त्रांच्या यादीपेक्षा ती किती लवकर उपसली जातात यात अधिक आहे.

हे पहारेकरी सापडतात ते बहुतांशी अमेरिकेतल्या रानटी द्राक्षांत, आणि त्याला इतिहास आहे. केवडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या वेली आणि तो जीव हजारो पिढ्या एकमेकांशी झगडत आले. युरोप-आशियातल्या विनिफेरा वेलीनं हा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. १८७८ मध्ये तो अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर फ्रान्समध्ये पोचला आणि मळेच्या मळे उजाड करू लागला. १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मिलार्दे यांना मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींची पानं टिकलेली दिसली. चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून तिथल्या मालकांनी त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी बोर्डो मिश्रण जाहीर केलं, आणि तेव्हापासून विनिफेराच्या स्वतःच्या संरक्षणात जी उणीव आहे ती माणूस फवारणीनं भरून काढतो आहे.

अमेरिकी खुंटामुळे वेलीला केवड्याचा प्रतिकार मिळतो, हा गैरसमज इथे दूर करायला हवा. आपल्या बऱ्याच बागा डॉगरिज या अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या आहेत. खारट पाणी, कमी पाणी यांत तो खुंट टिकतो म्हणून महाराष्ट्रात त्याचा प्रसार झाला. मुळं अमेरिकी असली तरी पान, फूल, मणी हे वर बांधलेल्या विनिफेराचेच असतात. खुंटामुळे वेलीचं पोषण आणि जोम बदलतो, पण पानाच्या पेशीतले पहारेकरी त्या पेशीच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात.

वेलीला आधीच जागं करून ठेवता आलं तर? ही कल्पना तंबाखूवरच्या प्रयोगांतून आली. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचलं, तर विषाणूचे ठिपके कमी पडले आणि पानात संरक्षक प्रथिनं तयार झाली. ॲस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्लाचं भावंड, आणि १९९० मध्ये सिद्ध झालं की रोग लागल्यावर झाड सॅलिसिलिक आम्ल स्वतःच बनवतं. त्याचं प्रमाण वाढलं की पेशीद्रवात गुंफून पडलेलं एक नियंत्रक प्रथिन सुटं होऊन केंद्रकात जातं आणि संरक्षक प्रथिनांची जनुकं एकदम चालू करतं. याच वाटेनं काम करणारी रसायनं नंतर बाजारात आली. त्यातलं ॲसिबेंझोलर हे असं की बुरशीला ते थेट मारत नाही, फक्त झाडाला उठवतं. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनवलेलं कायटोसन झाडाला बुरशी आल्याचा भास करून देतं. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मुळांशी राहून वेलीला सावध ठेवते. आपल्याकडे केवड्यासाठी वापरलं जाणारं पोटॅशियम फॉस्फाइट जलबुरशीला थोडं थेट मारतं आणि थोडं वेलीकडून लढवून घेतं.

बाजारात मात्र ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ हे शब्द इतक्या डब्यांवर असतात की त्यांचा अर्थच पातळ झाला आहे. बागायतदाराचा पैसा इथे वाया जातो याचं मला खरोखर वाईट वाटतं. वेलीला जागं करणारं द्रव्य रोग यायच्या आधी द्यायचं असतं, कारण प्रथिनं तयार व्हायला दिवस लागतात. तेलकट डाग दिसू लागल्यावर त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे घड गमावणं. तसंच ते सारखं देत राहणंही शहाणपणाचं नाही. संरक्षण फुकट मिळत नाही. प्रथिन बनवायला नत्र लागतं, ऊर्जा लागते, आणि ती फुटीतून, घडातून वजा होते. प्रयोगशाळेतल्या मोहरीवर्गीय झाडांच्या ज्या वाणांत हे संरक्षण जन्मापासून सतत चालू असतं, ती झाडं खुरटतात. जर्मन शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवलं की रोग नसताना गव्हाला ॲसिबेंझोलर दिलं तर वाढ आणि दाणे घटतात, आणि नत्र कमी असेल तर जास्तच. झाड संरक्षण बंद ठेवतं ते आळसानं नाही.

हीच प्रथिनं दुसऱ्या संकटातही पुढे येतात. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात नरेंद्र सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याला सरावलेल्या तंबाखूच्या पेशींमध्ये एक प्रथिन भरपूर साठलेलं पाहिलं आणि त्याला ऑस्मोटिन म्हटलं. तेही थॉमॅटिनच्याच घराण्यातलं. क्षार, पाण्याचा ताण, थंडी, जखम, बुरशी या सगळ्यांवर ते वाढतं, आणि स्ट्रॉबेरीसारख्या फळपिकातही ते टाकून क्षार सोसण्याची ताकद वाढते का हे तपासलं गेलं आहे. ताण आणि रोग यांची खाती झाडाकडे पूर्णपणे वेगळी नसतात. म्हणूनच पाण्याचा आणि नत्राचा तोल सांभाळलेली बाग रोगाला अधिक तोंड देते, हा जुन्या बागायतदारांचा अनुभव पेशीच्या पातळीवरही खरा ठरतो. नत्र जास्त दिलं की फूट लुसलुशीत, दाट आणि उशिरापर्यंत कोवळी राहते, आणि कोवळी उती हे केवड्याचं आवडतं ठिकाण.

उरतो जातच बदलण्याचा मार्ग. कॅलिफोर्नियात २००५ मध्ये थॉमसन सीडलेस आणि शार्डोने या जातींत नासपतीचं एक प्रथिन जनुकबदलानं आणलं गेलं. राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, पेशीभित्तिकेतलं पेक्टिन विरघळवून आत शिरते. नासपतीचं हे प्रथिन तिच्या त्या विकराला अडकवून ठेवतं. अशा वेलींवर त्या बुरशीची वाढ मंदावली. पण जनुकबदललेलं द्राक्ष बाजारात आलेलं नाही, ते प्रयोगापुरतंच राहिलं. प्रत्यक्षात पुढे गेलं ते संकराचं संथ काम. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या मस्कडाइन द्राक्षात केवडा आणि भुरी दोन्ही ओळखणारे पहारेकरी आहेत, त्यांची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी. अडचण अशी की मस्कडाइनची गुणसूत्रं ४० आणि विनिफेराची ३८, त्यामुळे संकर बहुधा वांझ निघतो. फ्रान्समध्ये अलाँ बुके यांनी १९७४ पासून पिढ्यान् पिढ्या विनिफेराशी पुन्हा पुन्हा संकर करून ती जनुकं वाइनच्या चवीच्या वेलीत उतरवली.

एकटं जनुक पुरत नाही हेही लवकरच दिसलं. हंगेरीतल्या बियांका या जातीची मदार केवड्याविरुद्धच्या मुख्यतः एका जनुकावर होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या पहाऱ्याला चुकवणारा केवड्याचा प्रकार युरोपात तयार झाला होता, आणि तोही अशा जातींची लागवड थोडीच असताना. म्हणून २०१८ मध्ये फ्रान्सनं मान्यता दिलेल्या फ्लोरेआल, व्होल्टिस, आर्ताबान आणि व्हिदोक या जातींत केवड्याविरुद्ध एकाहून अधिक जनुकं एकत्र गुंफली आहेत. सुरुवातीपासून मोजलं तर चव्वेचाळीस वर्षांचं काम.

या सगळ्या वाइनच्या जाती आहेत. आपल्याला हवी ती बिनबियांची, लांबट, कडक मण्याची, बोटीतून युरोपला जाईपर्यंत टिकणारी टेबल द्राक्षं. बिनबियांच्या जातीत फलन झालं तरी कोवळा गर्भ बी होण्याआधीच मरतो, त्यामुळे तिला मादी म्हणून वापरायचं तर मण्यातला गर्भ वेळेत काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. तरीही जनुकांच्या खुणा तपासून रोपटं लहान असतानाच त्यात पहारेकरी उतरले का हे आता कळू शकतं, फळ धरेपर्यंत थांबावं लागत नाही. आणि अशी जात आली तरी फवारणी शून्यावर येणार नाही. फ्रान्समध्ये नव्या जातींवरही हंगामात दोनेक फवारण्या करायला सांगतात, कारण केवडा आणि भुरीचे पहारेकरी इतर रोग ओळखत नाहीत, आणि हाती आलेली जनुकं शत्रूनं लवकर चुकवू नयेत म्हणूनही. आपल्याकडच्या जातीत द्राक्षावरच्या करप्याविरुद्धची (हा बटाट्याच्या करप्याहून वेगळा रोग) जनुकं वेगळी शोधून जोडावी लागतील, कारण पावसाळ्यात कोवळ्या फुटीवर आपल्या बागांत तो हटकून येतो.